आमच्या घरचं पाणी

सिरसापाऱ्यात कुणाच्याही घरी जा, तुम्ही नीट बसायच्या आत तुमच्या हातात पाण्याचा पेला येतो. चहाचं नंतर, काय काम काढलंत तेही नंतर, आधी पाणी. आणि ते घ्यावंच लागतं. तहान नसली तरी घोटभर घ्यावं लागतं, कारण या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पाणी नाकारण्याचा एकच अर्थ होतो आणि तो इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भंडारा-गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आलेल्या बौद्ध कुटुंबांची ही वस्ती. तेलीबांधा तलावाच्या मागे, तेव्हा तिकडे नुसता माळ होता, तिथे त्यांनी घरं बांधली. आता तिन्ही बाजूंनी फ्लॅटचे टॉवर उभे राहिले आहेत आणि पारा मध्ये खड्ड्यात पडल्यासारखा दिसतो.

या पाऱ्यातल्या विहार समितीचा अध्यक्ष म्हणजे हिरालाल मेश्राम. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेला, कडक इस्त्रीचा, आणि बोलायला उभा राहिला की बसायचं नाव न घेणारा. त्याचा बाप लहानपणी एकदा भर उन्हात गावात पाणी मागत फिरला होता. एका दारात तरुण सून लोटा घेऊन बाहेर येत होती, तेवढ्यात आतून सासू म्हणाली, त्याले पाणी देऊ नको. सून तशीच मागे वळली. तो बाप पुढे रेल्वेत खलाशी झाला, त्याला क्वार्टर मिळालं, घरात नळ आला, तरी ते एक वाक्य तो मरेपर्यंत सांगत राहिला. दरवर्षी वीस मार्चला विहारात हिरालाल चवदार तळ्याची गोष्ट सांगायचा आणि शेवटी बापाच्या या गोष्टीवर आला, की त्याचा आवाज फाटायचा. त्याच्या बायकोने, कमलाने, ती गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की त्या सुनेच्या लुगड्याचा रंगसुद्धा तिने सांगितला असता.

तर एप्रिलमध्ये या पाऱ्यात सर्व्हे करायला महापालिकेचा एक साहेब आला. वॉर्डात करण्यासारखी कामं ढीगभर आणि पैसा त्यातल्या एक-दोन कामांपुरता. म्हणून यंदा वस्तीवस्तीत जाऊन लोकांनाच विचारायचं, कुठे कसली अडचण आहे त्याला गुण द्यायचे, आणि मग वॉर्डाच्या सभेत ठरवायचं की आधी काय आणि मग काय, असं निघालं होतं. साहेबाचं नाव ऋषिकेश. पुण्याकडचा, चष्मेवाला, नवा नवा नोकरीला लागलेला पोरगा. तो मराठी बोलतो हे कळल्यावर पाऱ्याला कोण आनंद झाला. इथली पोरंसुद्धा घरात हिंदीत उत्तर देतात, आणि हा साहेब असून काका-काकू म्हणत होता.

तो येणार हा विहार समितीचा निरोप आधीच पोचला होता. घराघरात विकतच्या पाण्याचे थंड जार आले. नळाचं पाणी साहेबाला द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण नळाच्या पाण्याला वास येत होता. टॉवरवाले टुल्लू पंप लावून सगळं ओढून घ्यायचे, नळ लवकर जायचा, आणि रिकाम्या जुनाट पाइपात बाजूच्या नालीचं पाणी झिरपायचं. पाऱ्यातल्या शेंबड्या पोराला हे माहीत होतं. बायका फडकं लावून पाणी गाळायच्या आणि गप्प बसायच्या.

ऋषिकेश हिरालालच्या खोलीत खुर्चीवर बसला. गोल बाजारातून आणलेल्या नव्या स्टीलच्या पेल्यात कमलाने जारचं पाणी ओतलं. त्याने एका दमात पेला रिकामा केला, आणखी मागितला आणि म्हणाला, "काकू, काय गोड पाणी आहे हो तुमचं." हिरालाल तर हे ऐकून फुलून गेला. मग साहेबाने मांडीवरच्या यंत्रावर बोट ठेवून विचारलं की पाण्याची काही तक्रार आहे का.

आता पाणी पिऊन तृप्त झालेल्या माणसाला, त्याच्या हातातला पेला अजून ओला असताना, कुणी सांगेल का की आमचं पाणी घाण आहे? हिरालालने तर नाहीच सांगितलं. पाण्याचं काही नाही साहेब, एकदम मस्त हाये, असं तो म्हणाला. मग काय हवं असं विचारल्यावर त्याने मनातली जुनी गोष्ट बाहेर काढली. रस्त्यावरून पारा दिसतच नाही, टॉवरच्या मागे लपतो, तेव्हा तोंडाशी एक मोठी कमान हवी, वर बाबासाहेबांचं नाव. साहेब पुढे ज्या ज्या घरात गेला तिथे त्याला जारचंच पाणी मिळालं आणि हेच उत्तर मिळालं. कमला दारात ट्रे घेऊन उभी होती. बोलायला तीही मोकळी होती, पण तिलाही त्या दिवशी पोटभर अभिमान वाटत होता. पुढे आठवडाभर हिरालाल जो भेटेल त्याला सांगत होता की पुण्याच्या बामणाच्या पोट्ट्याने आपल्या घरी दोन पेले पाणी घेतलं. पोराची जात त्याला कुणी सांगितली होती कोण जाणे.

आणि जुलैत पाऱ्यात कावीळ आली.

आधी पोरांना झाली. ती पिवळी पडली, ओकली, पडून राहिली आणि हळूहळू उठली. मग तुळशीरामच्या सुनेला, चित्राला झाली. तुळशीराम म्हणजे हिरालालचा नोकरीतला जोडीदार, भिंतीला भिंत लागून घर. चित्राला सातवा महिना होता. दवाखान्यात नेली तेव्हा ती शुद्धीत नव्हती, आणि परत आणली ती झाकून आणली. मूलही गेलं. डॉक्टरांनी तुळशीरामला सांगितलं की पाण्यातून येणारी ही कावीळ इतरांना फार करत नाही, पण पोटुशी बाईला धरते तेव्हा सोडत नाही.

कमलाने हे वाक्य ऐकलं तेव्हा तिची सून रीना तिच्या शेजारी उभी होती, आठव्या महिन्याचं पोट घेऊन. कमलाने तिचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

त्या दिवसापासून कमलाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सकाळी उठल्या उठल्या ती रीनाला दारात उजेडाकडे तोंड करून उभी करायची आणि खालची पापणी ओढून डोळ्यांतला पांढरा रंग बघायची. मोठं पातेलं भरून पाणी उकळायची, गाळायची, वेगळ्या माठात भरून वर ताट झाकायची, आणि त्या माठाला दुसऱ्या कुणी हात लावला तर अंगावर धावून जायची. माहेरी पाठवावं तर रीनाचं माहेर याच पाऱ्यात, दोन गल्ल्या सोडून, त्याच नळावर. दुसरीकडे खोली घ्यावी म्हणून यशदीप, तिचा मुलगा, सिलतऱ्याच्या कारखान्यातून सुटल्यावर रोज फिरत होता. घरमालक आधी हो म्हणायचे, मग पूर्ण नाव विचारायचे, मग खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची. यशदीप घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा.

आणि एवढं उकळून गाळूनही कमलाच्या हाती काही नव्हतं, कारण रीना पाऱ्याची मितानिन होती. म्हणजे घरोघर जाऊन औषधं पोचवणारी, पोरांची वजनं घेणारी, बाळंतिणींना दवाखान्यात नेणारी आरोग्यसेविका. पाऱ्यात कावीळ असताना ती घरात कशी बसेल? ती पाण्यात टाकायच्या गोळ्या घेऊन दारोदार जायची, आणि प्रत्येक दारात तिच्या हातात पेला यायचा. ती पोटुशी, दमलेली, उन्हापावसातून आलेली. तिला पाणी द्यायला बायका दोन पावलं पुढे यायच्या. गोळी टाकलेलं असेल, नसेल, कुणास ठाऊक. कमलाने तिच्या पिशवीत घरची बाटली घालून दिली. रीनाने ती एका घरात काढली तर त्या घरची म्हातारी नुसती बघत राहिली आणि म्हणाली, काहून बाई, आमचं पाणी चालत नाही का आता तुले?

कमलाने रीनाला समोर बसवून हात जोडले. पोट्टी, म्हणाली, जाऊ नको, आणि गेलीस तं पिऊ नको.

"आई, मना कसं करू?" रीना म्हणाली. "चित्राच्या घरी गेली होती मी कल. तिची सास रडत रडत पाणी घेऊन आली. तिच्या घरचं पाणी मना करू मी? ती काय समजेल, तिची बहू मेली म्हणून मी घिन करून राहिली?"

कमलाला राग आला तो हिरालालचा आला. तिने त्याला गाठलं. साहेबाकडे जा, म्हणाली, सांग की आमच्याकडून चूक झाली, पाणी खराब आहे, आधी पाइप बदला. कमान गेली खड्ड्यात. हिरालाल पेपर वाचत असल्यासारखा बसून राहिला. मग हळूच म्हणाला की काय सांगू त्याले, तुले विकतचं पाणी पाजून खोटं बोललो म्हणून सांगू? ज्या घरचं पाणी त्याने गोड म्हटलं, ते घाण हाये म्हणून मीच सांगू? कमला म्हणाली, हो, तूच सांग. तो उठून विहारात निघून गेला. असा तो तीनदा तरी उठून गेला. माणूस वाईट नव्हता. सुनेसाठी त्याचाही जीव कासावीस होत होता, रोज तिच्यासाठी शहाळं घेऊन यायचा. पण त्या एका जागी त्याचे पाय उचलत नव्हते, आणि दिवस भराभर जात होते.

ऑगस्टच्या एका रविवारी वॉर्डाची सभा ठरली. सामुदायिक भवनात सकाळपासून खुर्च्या मांडल्या होत्या. वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, सुशील भैया मधोमध बसले होते. बाजूला ऋषिकेश, त्याचा लॅपटॉप आणि पडदा. एका अंगाला टॉवरमधले लोक, दुसऱ्या अंगाला सिरसापारा. विहार समितीची सगळी मंडळी पांढऱ्या शर्टात, पहिल्या रांगेत हिरालाल आणि तुळशीराम. कमला बायकांच्या रांगेत मागे बसली होती. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

टॉवरच्या वतीने शर्मिष्ठा मॅडम बोलल्या. तलावाकडच्या रस्त्याला दिवे नाहीत, फुटपाथ नाही, महिन्याभरात दोन बायकांच्या गळ्यातलं ओढून नेलं, त्यांच्या सासूबाईंचं अंधारात पडून मांडीचं हाड मोडलं. बाई खोटं बोलत नव्हती. कमलाला तिचाही राग आला आणि रागवायला काही जागा नाही म्हणून स्वतःचाही आला. गरज प्रत्येकाची खरी होती, पैसा तेवढा कमी होता.

मग ऋषिकेशने पडद्यावर वस्त्यांचे गुण दाखवले. सिरसापाऱ्याच्या पाण्यासमोर हिरवा रंग होता. हिरवा म्हणजे उत्तम. सुशील भैयांनी जाहीर केलं की यंदाच्या पैशात दोन कामं बसतात. पहिलं, तलावाच्या रस्त्याचे दिवे आणि फुटपाथ. दुसरं, सिरसापाऱ्याची पुरानी माँग, भव्य स्वागत द्वार. टाळ्या पडल्या. कुणीतरी आधीच आणून ठेवलेला झेंडूचा हार हिरालालच्या गळ्यात घातला. आयुष्यभर ज्या कमानीसाठी त्याने अर्ज केले ती अशी समोर चालत आली होती, आणि तो हार घालून खुर्चीवर बसला होता, बोलायला म्हणून जन्माला आलेला माणूस, तोंडातून एक शब्द न काढता. कमला त्याच्या पाठीकडे बघत होती. ऊठ, ती मनातल्या मनात म्हणत होती, ऊठ रे बाबा, एकदा ऊठ. तो उठला नाही.

तेव्हा ती उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती. ती सरळ ऋषिकेशच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली की आम्हाला कमान नको, पाण्याचा पाइप पाहिजे, आधी पाइप, बाकी सगळं मागून. त्या दिवशी तुम्हाला दिलं ते पाणी आमचं नव्हतं. जारचं होतं. आमच्या नळाला नाली लागली आहे.

ऋषिकेश गोंधळला. त्याने विचारलं की काकू, मग तेव्हा का नाही सांगितलं? मी स्वतः पाच-सहा घरी पाणी प्यायलो, सगळीकडे चांगलं होतं, सगळ्यांनी चांगलं सांगितलं. आता गुण ठरले, वरपर्यंत गेले. टॉवरच्या बाजूने कुजबुज सुरू झाली. शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, वाईट शब्दात नाही, की पहले आप लोग आपस में तय कर लीजिए, चाहिए क्या. कुणी म्हणालं, गेट मंजूर झालं म्हणून आता पाइपही मागतात.

कमलाने वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. तुळशीराम मान खाली घालून बसला होता. त्याच्या घरातून दोन जीव गेले होते आणि त्यानेही एप्रिलमध्ये जारचंच पाणी दिलं होतं. बाकीचे तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. मागून एक म्हातारा पुटपुटला तो तिला स्पष्ट ऐकू आला. चारचौघांत आपलं पाणी घाण म्हणून राहिली बाई, आता कोण पिईल आपल्या घरी?

तिने पिशवी उघडली. त्यातून झाकणाचा लोटा काढला आणि तोच स्टीलचा पेला. लोट्यात सकाळचं नळाचं पाणी होतं. तिने पेला भरून ऋषिकेशसमोर ठेवला.

"हे आमच्या घरचं पाणी हाये, बेटा," ती म्हणाली. "त्या दिवशी गोड लागलं न तुले? आज पाहून घे."

तिला वाटलं होतं पाणी बघूनच तो तोंड फिरवेल आणि गोष्ट सिद्ध होईल. पण पेल्यात पाणी स्वच्छ दिसत होतं. पुढच्या रांगेतले लोक माना उंचावून बघू लागले आणि कुणीतरी म्हणालं, साफ तो है. ऋषिकेशने पेला उचलला, नाकाजवळ नेला आणि तो थांबला. वास त्याला आला होता. मग त्याने समोर पाहिलं. सगळा सिरसापारा त्याच्या हाताकडे बघत होता, पांढऱ्या शर्टातली म्हातारी माणसं, बायका, सगळे. या सभेत, या लोकांसमोर त्यांच्या घरचा पेला खाली ठेवणं म्हणजे काय, हे त्या पोराला कळलं. चांगल्या घरचा होता. त्याने पेला ओठांकडे नेला.

कमला त्याला अडवू शकली असती, ती हातभर अंतरावर होती. पण एक क्षण तिच्या मनात आलं, पिऊ दे. याला होऊ दे कावीळ. हा पिवळा पडला की सगळे धावतील, मग पाइप एका दिवसात येईल, माझी रीना वाचेल. कुणाच्या तरी लेकराबद्दल आपण हे मनात आणलं, याची तिला पुढे कितीतरी दिवस शिसारी वाटत राहिली. पण त्या क्षणी तिने हात पुढे केला नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हिरालाल हार गळ्यात तसाच ठेवून टेबलाशी आला आणि त्याने ऋषिकेशच्या हातातून पेला काढून घेतला.

"साहेब, पिऊ नका," तो म्हणाला. "आमच्या हातचं पाणी पिऊ नका."

हिरालाल पेला घेऊन दारापर्यंत गेला आणि पाणी बाहेर मातीत ओतून आला. मग त्याने सगळं सांगितलं. जारचं, निरोपाचं, आपणच तोंडाने मस्त हाये म्हणाल्याचं, चित्राचं, घरात नववा लागलेली सून आहे त्याचं. भाषण करायची सवय असलेला माणूस, पण त्याला एक वाक्य धड जोडता येत नव्हतं. शेवटी त्याने गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. तुळशीराम आपल्या जागेवर हमसून हमसून रडू लागला, आणि त्याचं रडणंच विहार समितीची साक्ष ठरलं.

पुढचं लवकर आटोपलं. ऋषिकेश लाल डोळ्यांनी लॅपटॉपवर वाकला आणि हिरवा रंग गेला. शर्मिष्ठा मॅडम आपल्या लोकांशी थोडं बोलल्या आणि उभ्या राहून म्हणाल्या की लाइट रुक सकती है. सुशील भैयांनी सिरसापाऱ्याची पाइपलाइन पहिल्या नंबरवर घेतली. कमान कटली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. कमला भिंतीला टेकली, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने विचारलं की मग कधी सुरू होईल काम. उद्या, परवा?

सुशील भैया कागद सारखे करू लागले. ऋषिकेशच म्हणाला. आधी अंदाजपत्रक करायचं, मग टेंडर काढायचं, आणि पाऊस थांबल्याशिवाय रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही. तोवर टँकर पाठवू.

"म्हणजे कधी?"

"दिवाळीनंतर, काकू," तो म्हणाला. "मी खूप प्रयत्न करीन. पण दिवाळीनंतरच."

रीनाचे दिवस गणपतीत भरत होते.

कमलाला वाटलं होतं, एकदा खरं सांगितलं की झालं. खरं सांगितलं होतं. पारा सगळ्यांसमोर उघडा पडला होता, कमान गेली होती, पहिला नंबर मिळाला होता, आणि तिच्या रीनाला त्याचा काही उपयोग नव्हता. टँकर गल्लीत शिरत नाही हे तिला माहीत होतं. तो आला तर पाऱ्याच्या तोंडाशी उभा राहील, दोन-चार हंडे हाताशी लागतील, आणि बाकी सगळं पुन्हा नळाचंच. रीना उद्या सकाळी पुन्हा गोळ्या घेऊन निघेल. प्रत्येक दारात पेला येईल. ती नाही म्हणणार नाही. कमला सभागृहाच्या पायरीवर बसली आणि तिथेच तिला रडू फुटलं. लोक बाजूने निघून जात होते. कुणी तिच्याशी बोललं नाही, रागाने की शरमेने ते तिला समजलं नाही.

हिरालाल तिच्यापाशी आला. वाकून म्हणाला, "चल."

तिला वाटलं घरी. पण पाऱ्यात शिरल्यावर तो आपल्या दारावरून पुढे गेला आणि तुळशीरामच्या घरासमोर थांबला. या घरात तो रोज हाक न मारता शिरायचा. आज तो पायरीच्या खाली, रस्त्यावरच उभा राहिला. तुळशीरामची बायको बाहेर आली. हिरालालला बघून ती सवयीने मागे वळली आणि लोटा-पेला घेऊन आली. या भाऊ, बसा, म्हणाली, असे बाहेर काहून उभे.

हिरालालने हात जोडले. कमला त्याच्या मागे होती. तो काय बोलणार हे तिला कळलं तेव्हा तिने पदर तोंडात धरला.

"वहिनी," तो म्हणाला, "आमची रीना आली तं तिले पाणी देऊ नका."

तुळशीरामची बायको लोटा हातात घेऊन तशीच उभी राहिली. हिरालालच्या बापाची ती गोष्ट तिनेही दरवर्षी विहारात ऐकली होती. तिने लोटा दाराआड ठेवला आणि मान हलवली.

हिरालालने पुन्हा हात जोडले. मग तो पुढच्या दारासमोर गेला, तिथेही खालीच उभा राहिला, आणि त्याने कडी वाजवली.